दुसऱ्या मशीनवरची रिकामी ओळ

आधीच सांगून टाकते. भूतखेत, करणी, अंगात येणं यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझ्या दुकानात पंचांग आहे, पण ते लग्नपत्रिकेवरची तिथी तपासायला. पहिला कॉम्प्युटर आणला त्या दिवशी अमावास्या होती. शेजारच्या टेलरनं मला वेड्यात काढलं. ते मशीन अजून चालू आहे.

त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. अंगावर काटा आणणारं यात फार काही नाही. अंधार नाही, पावलं वाजत नाहीत. जे घडलं ते सकाळी साडेअकराला, दुकानात, ट्यूबलाईटखाली घडलं. ते मी तीन वर्षं चारचौघांत सांगितलं नाही, त्याचं कारण भीती नव्हे... लाज.

साताऱ्यात मोती चौकातून आत जाणाऱ्या एका बोळात माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल – असलं काम. शहाण्णवच्या सुमाराला माझ्याकडे दोन मशीनं होती. मराठी टाइप करण्याचा जो प्रोग्रॅम आम्ही वापरायचो त्याला एक लॉक असे. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरची केबल लागते तिथं काडेपेटीएवढा एक डबा बसवायचा. तो बसवल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचाच नाही. एका मशीनला एक लॉक. पहिल्या मशीनला मी रीतसर विकत घेतलं होतं, सांगलीच्या मुजावर सरांकडून. त्यांच्याकडे त्या प्रोग्रॅमची एजन्सी होती.

दुसरं मशीन आलं तेव्हा मात्र मी लॉक घेतलं नाही. लॉकच्या किमतीत अर्धं मशीन आलं असतं. सांगलीतल्याच एका प्रेसवाल्याकडे मी ट्रेसिंग पेपर घ्यायला जायची. त्याने टेबलाच्या खणातून दोन फ्लॉप्या काढून दिल्या. "वहिनी, लॉक कशाला पाहिजे? ही तोडलेली कॉपी आहे. आधी ही छोटी फाईल चालवायची, मग प्रोग्रॅमला वाटतं लॉक लागलंय. सगळी सांगली हेच वापरते."

मी फ्लॉप्या पर्समध्ये टाकल्या. तेव्हा काही वाटलं नाही, हे खरं सांगते. डाळ निवडताना खडा बाजूला टाकावा तितक्या सहज टाकल्या.

मुजावर सरांना कुठून तरी अंदाज आला असावा. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन. "ताई, दुसरं मशीन घेतलंत म्हणे. लॉक नाही न्यायला आलात?"

"अजून सुरू नाही केलं," मी म्हटलं.

"बरं. एक सांगून ठेवतो. तोडलेली कॉपी घालू नका. तोडणारा फक्त दार तोडतो. आत काय मोडलं, काय शिल्लक राहिलं, ते त्यालाही ठाऊक नसतं. उद्या काही झालं तर मला बोलावताही येणार नाही तुम्हाला."

मी हो हो म्हणून फोन ठेवला.

कॉपी सुरू झाली ती अगदी व्यवस्थित. फरक इतकाच, की पहिल्या मशीनवर प्रोग्रॅम उघडताना 'ही प्रत यांच्यासाठी' असं येऊन खाली माझ्या दुकानाचं नाव यायचं. दुसऱ्यावर नावाच्या जागी नुसती कोरी पट्टी.

दुसरं मशीन सुनंदा चालवायची. सुनंदा वडूजची, वय बावीस. साताऱ्यात मावशीकडे राहायची आणि शनिवारी तीनच्या गाडीनं घरी जायची. तिच्याइतका वेगवान आणि स्वच्छ हात मी नंतर पाहिला नाही. कुणी वाईट अक्षरात यादी आणली की म्हणायची, "यांच्या हातात पेन दिलं का कोंबडीच्या पायाला बांधलं?" ऑपरेटर म्हणून साताऱ्यात तिचं नाव व्हायला लागलं होतं. दोन वर्षांत स्वतःचं मशीन घ्यायचं, असं तिनं ठरवलेलं. वडिलांनाही तसं सांगून ठेवलं होतं.

एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, ह्या मशीनवर ओळ सुटतीया."

"कसली ओळ?"

"नावांची यादी टाइपली की मधीच एक ओळ रिकामी येती. स्क्रीनवर न्हाई दिसत. प्रिंट काढली की दिसती."

मी पाहिलं. खरंच होतं. शाळेच्या बक्षीस समारंभाची यादी – चौथ्या आणि पाचव्या नावाच्या मधे एका ओळीची जागा. स्क्रीनवर सगळं सलग. पुन्हा प्रिंट काढली तर यायची नाही, तिसऱ्यांदा पुन्हा यायची. साध्या मजकुरात कधी नाही. फक्त नावांच्या यादीत.

"मुजावर सरांना विचारूया का?" सुनंदा म्हणाली.

"कशाला? ते आधी मागे वाकून लॉकच बघतील. तोडलेल्या कॉपीत असं व्हायचंच. प्रिंट तपासून दे म्हणजे झालं."

"जागा धरून ठेवल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. "पंगतीत कुणी रुमाल टाकून जागा धरतं ना, तसं."

मी तिला म्हटलं, कामाला लाग.

मग लग्नसराई आली. फलटणकडचे एक बागायतदार, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या धाकट्या मुलाची पत्रिका आमच्याकडे आली. त्यांचं आडनाव लिहीत नाही, घर अजून तिथंच आहे. नावांची यादी आबांचे भाऊ तात्या घेऊन आले. आमच्याकडच्या पत्रिकेत नावांचा मान फार. कोण वर, कोण खाली, कोण राहिलं, यावरून भाऊबंद वर्षवर्ष बोलत नाहीत. तात्यांनी फुलस्केप कागदावर सगळी उतरंड लिहून आणली होती. शेवटी करवल्या. त्यात दोनच नावं – सौ. विमल आणि कु. रेखा. नवऱ्या मुलाच्या दोन बहिणी.

सुनंदानं दुसऱ्या मशीनवर टाइप केलं. प्रूफ काढलं. करवल्यांच्या दोन नावांच्या मधे ओळ सुटली होती. तिने पुन्हा प्रिंट काढून सलग प्रूफ तात्यांना दिलं. तात्यांनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि खाली सही केली.

शनिवारी सुनंदा नेहमीप्रमाणे तीनला गेली. छपाईसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची राहिली होती. ती मी काढली. घाई होती. ओळ सुटली नाही ना एवढंच मी लांबून पाहिलं. करवल्या सलग दिसल्या. ट्रेसिंग छापखान्यात पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी आबा आणि तात्या दुकानात आले. त्यांच्याकडे पहिली पत्रिका गावच्या देवापुढे ठेवतात आणि ठेवायच्या आधी गुरव ती सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाचतो. वाचता वाचता गुरव थांबला होता म्हणे.

तात्यांनी पत्रिका काउंटरवर आपटली. "ह्ये कुणाचं काम?"

"काय झालं तात्या?"

"वाचा की. करवल्या वाचा."

मी वाचलं. सौ. विमल. त्याखाली सौ. मंदाकिनी दिलीप, पुढे आडनाव. त्याखाली कु. रेखा.

"मंदाकिनी कोण?" मी विचारलं.

आबा स्टुलावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "आमच्या घरात त्या नावाचं कुनी न्हाई."

तात्यांनी मात्र सांगितलं, दातओठ खात. आबांची मधली मुलगी. चार वर्षांपूर्वी वडूजकडच्या एका मुलाबरोबर निघून गेली, त्याच्याशी लग्न केलं. मुलगा बौद्ध. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही.

मग ते सुनंदाकडे वळले. "गाव कुटलं गं तुजं?"

"वडूज."

"आडनाव?"

सुनंदानं सांगितलं.

"हां... मग बराबर हाय. तुमच्यातच गेलती ती. सांगून धाडलं व्हय तुला कुनी? आमच्या पत्रिकंत नाव घुसडायला?"

"मी न्हाई टाइपलं," सुनंदा म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. उठून तिने फाईलमधून प्रूफ काढलं. "ही तुमची सही. ह्यात बघा, दोनच नावं हायत."

"मग सही झाल्यावर घातलंस."

"सही झाल्यावर मी हितं नव्हतेच. वहिनी, सांगा की. ट्रेसिंग तुमी काढलं न्हवं? आन ह्या मशीनवर ओळ सुटती, ते बी सांगा."

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात तात्या म्हणाले, "मशीनवर ढकलू नगंस. आमचा मेव्हना वकील हाय. दोनी मशीनं उघडून तपासाय लावतो, मागनं-फुडनं. कुटलं मशीन काय करतं ते कळंल समद्यांस्नी."

त्याच महिन्यात आमच्या धंद्यात बातमी फिरत होती, की कोल्हापूरकडे प्रोग्रॅमच्या कंपनीची माणसं पोलीस घेऊन दुकानांत लॉक तपासत आहेत. खरी-खोटी देव जाणे. माझी नजर दुसऱ्या मशीनच्या मागे गेली. तिथं केबल थेट मशीनला लावलेली होती. डबा नव्हता.

"सुनंदा," मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

हे वाक्य मी म्हटलं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही, जीभ कुणी फिरवली नाही. या सदरात लोक असं लिहितात म्हणून स्पष्ट करते.

सुनंदा मशीनकडे वळली. मग तिने मशीन बंद केलं, त्यावर कव्हर घातलं, चारी कोपरे नीट ओढले, जेवणाचा डबा उचलला आणि गेली. तात्यांचं समाधान झालं. आबा म्हणाले, "नव्यानं छापून द्या," आणि दोघंही गेले.

साडेअकरा वाजले होते. नवं ट्रेसिंग काढायचं म्हणून मी दुसरं मशीन सुरू केलं. फाईल उघडली. करवल्या – सौ. विमल, कु. रेखा. दोनच. म्हणजे सुनंदानं काही घातलंच नव्हतं. प्रिंट दिली.

कागदावर तीन नावं आली.

स्क्रीनवर पाहिलं. दोन. पुन्हा प्रिंट दिली. तीन. मशीन बंद करून चालू केलं, फाईल नव्यानं उघडली. तीन. मधलं नाव पुसट नाही, वाकडं नाही, त्याच टाइपात, बाकीच्यांच्या रांगेत नीट बसलेलं. मग फाईल फ्लॉपीवर घेऊन लॉकवाल्या मशीनवर उघडली. तिथं दोनच नावं आली, कितीही वेळा काढली तरी. मी एकंदर अकरा कागद काढले. ते माझ्याकडे आहेत.

घाबरले का? नाही. मला वाटलं, व्हायरस असेल. पण व्हायरसला आबांची मधली मुलगी कशी ठाऊक, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारलाच नाही. पहिल्या मशीनवरून ट्रेसिंग काढलं, पत्रिका नव्याने छापून दिल्या आणि लग्न पार पडलं.

सुनंदा खरं बोलत होती हे मला तासाभरात कळलं होतं. मावशीचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. उद्या जाऊ म्हटलं, मग सीझन संपू दे म्हटलं. यादीचं काम पहिल्या मशीनवर आणि पत्रं-अहवाल दुसऱ्यावर, अशी वाटणी केली आणि तीच कॉपी वापरत राहिले. दोन दुकानदारांचे फोन आले. "तुमच्याकडे होती ती मुलगी कशी आहे? स्वतःच्या मनानं नावं घालते म्हणे?" मी म्हटलं, "हात चांगला आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही.

चार महिने गेले. एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. हिरवं लुगडं, हातात पिशवी. आबांच्या कारभारीण. मला वाटलं, आता ह्या भांडणार. त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढून काउंटरवर ठेवली.

"बाई, ती पत्रिका लिवनारी पोरगी कुटं हाय? तिची वटी भरायची हाय मला."

मी त्यांना बसायला स्टूल पुढे केलं.

"आमचं ह्ये लय कडक. माज्या मंदीचं नाव चार वर्सं घरात कुनी काढलं न्हाई. बाळतपनात गेली ती, सांगलीला. एस.टी.त एका बाईनं सांगितलं मला, तवा कळलं. आमी सुतक बी धरलं न्हाई. आंगूळ केली ती बी गुपचूप." त्यांनी चोळीतून एक घडी केलेली पत्रिका काढली. जुनी, तीन नावांची. "गुरवानं वाचलं तवा समद्या घरानं ऐकलं. थोरलीच्या खाली, धाकटीच्या वर. बराबर तिच्या जाग्याला. आन जावायाचं नाव मला बी ठावं नव्हतं, बाई. ह्या पत्रिकेनं सांगितलं."

"ती मुलगी आता इथं नाही," मी म्हटलं.

"काडली व्हय?"

"हो."

"आमच्यापायी?"

तेव्हा पहिल्यांदा मी खरं सांगितलं. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. कॉपी चोरीची होती, ते उघडं पडू नये म्हणून मुलीला पुढे केलं. तिने ते नाव लिहिलंच नव्हतं. बाईंना कॉपी-बिपी कळलं नाही. मुलीनं ते नाव लिहिलं नाही एवढंच कळलं, आणि त्यांनी तेवढंच विचारलं – "मग कुनी लिवलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी खण-नारळ पुन्हा पिशवीत ठेवला. माझी ओटी भरली नाही. बरोबरच केलं.

दुसऱ्याच दिवशी मी फ्लॉप्या घेऊन सांगलीला गेले आणि मुजावर सरांसमोर ठेवल्या. ते रागावले नाहीत. मला तेच जास्त लागलं. त्यांनी कॉपी लावली, आत कुठलासा नंबर पाहिला आणि म्हणाले, "हा मी विकलेल्याच लॉकचा नंबर आहे. इथल्याच खणभागातल्या एका प्रेसचा. त्यांच्याच मशीनवर कुणीतरी तोडलेली दिसतेय."

"तिथं टायपिंगला कोण होतं?"

"एक बाई होत्या. फलटणकडच्या. मंदाताई म्हणायचो आम्ही. हात फार चांगला होता. वारल्या बिचाऱ्या, दीड वर्ष झालं."

मी पिशवीतले अकरा कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि आबांच्या मुलीचं सगळं सांगितलं. सरांनी ते वाचून नीट एकावर एक रचून ठेवले. मग त्यांनी माझ्यासमोर कॉपीतल्या सगळ्या फायली एकेक करून उघडल्या. दुपारचे तीन तास गेले. ते नाव कुठंच नव्हतं. ओळ का सुटते तेही सापडलं नाही.

"ओळ सुटते हे मी समजू शकतो, ताई," ते म्हणाले. "तोडफोडीत काहीही होतं. तिचं नाव आत राहिलं असतं, तर तेही समजलो असतो. पण ते आत नाही. आणि एवढ्या याद्यांमधून ते तिच्याच भावाच्या पत्रिकेत उमटलं, बहिणींच्या मधे, वयाप्रमाणे... हे कसं सांगू?"

फ्लॉप्या तिथंच सोडून, दुसरं लॉक विकत घेऊन मी परत आले. ते लॉक लावल्यापासून आजपर्यंत एकही ओळ सुटलेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी वडूजला गेले, तर घरी सुनंदा नव्हती. तहसील कचेरीतली कामं संपवायची म्हणून रविवारीही टाइपरायटर घेऊन एका वकिलाच्या पडवीत बसली होती. साताऱ्यात तिला कुणी ठेवलं नव्हतं. वर्षभराच्या हप्त्यांच्या बोलीवर मशीन द्यायला तयार असलेला माणूसही मागे हटला होता.

मी सगळं सांगितलं. स्क्रीनवर दोन आणि कागदावर तीन, सगळं. तिने टाइप करणं थांबवलं नाही. अर्ज संपला तेव्हा म्हणाली, "बरंय हे मशीन. आपण सोडल्याबिगर ओळ सुटत न्हाई."

"सुनंदा, चुकलं माझं. परत ये."

"वहिनी, आबांना सांगितलं का?"

"त्यांच्या मंडळींना सांगितलं."

"आन तात्यांना? त्या दोन दुकानवाल्यांना?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय एवढ्या लांब येऊन? मी टाइपलं न्हाई, हे मला म्हाईतच हाय."

मग ती म्हणाली, लिहून द्या. दुकानाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. कुणी विचारलं तर दाखवता येईल. कोरं लेटरहेड आणि शिक्का माझ्या पर्समध्ये असतात. मी तिथंच लिहिलं – 'मशीनमधील बिघाडामुळे पत्रिकेत चूक झाली, त्यात यांचा दोष नाही.' तिने वाचलं आणि कागद परत केला.

"बिघाड न्हाई वहिनी. चोरीची कॉपी, असं लिहा. आन मला कशापायी काढलं ते बी लिहा."

मी पेन हातात धरून बसले. मुलाची बारावी होती, ह्यांची सरकारी नोकरी, सही-शिक्क्याचा कागद उद्या कुणाच्याही हातात गेला असता. ही सगळी कारणं मला तेव्हा फार मोठी वाटली. मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि साडेचारच्या गाडीनं परत आले. त्याच पर्समध्ये, जिच्यात फ्लॉप्या टाकल्या होत्या.

याला तीन वर्षं झाली. ते नाव कुणी उमटवलं, याचा उलगडा मला झालेला नाही. मुजावर सरांना झालेला नाही. विचारलं त्या दोन इंजिनिअरांनाही झालेला नाही. एकानं सगळे अकरा कागद उजेडात धरून पाहिले आणि परत दिले. तो उलगडा होईल असं आता वाटतही नाही.

सुनंदाचा कागद मात्र माझ्या हातात होता. तो तिला मिळाला नाही, म्हणून हे सगळं इथं लिहिलं. कॉपी चोरीची होती. ती मी घातली होती. ट्रेसिंग मी काढलं होतं. सुनंदानं काहीही केलं नव्हतं, तरी स्वतःला वाचवायला मी तिला काढलं आणि तासाभरात खरं कळूनही ते झाकून ठेवलं. लेखाखाली माझं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता छापावा, अशी संपादकांना विनंती केली आहे. अंक आला की एक प्रत तात्यांना देणार आहे, दोन त्या दुकानदारांना, आणि एक वडूजला. प्रत्येक प्रतीवर सही करून, शिक्का मारून.